गच्चीवरची वीस मीटर तार

एके काळी घरात रेडिओ यायचा झाला की आधी कौलांवर किंवा गच्चीवर एरियल चढे. दोन टोकांना दोन बांबू, त्यांच्यामध्ये ताणलेली तांब्याच्या तारेची जाळीदार पट्टी, दोन्हीकडे चिनी मातीच्या गोट्या आणि मधून खिडकीवाटे घरात उतरणारी एक तार, एवढा तो सरंजाम. पुढे ट्रान्झिस्टर आले, एरियल यंत्राच्या पोटात शिरली आणि आता तर मोबाइलमध्ये ती असते हेही कुणाच्या ध्यानात येत नाही. वस्तू डोळ्यांआड झाली की तिचे शास्त्रही मनाआड होते. ह्या महिन्यात आम्ही त्या विसरलेल्या तारेविषयी लिहिणार आहोत, कारण ती तार आपल्या हातांनी बनवून दूरच्या माणसाशी बोलणारे लोक आजही आहेत आणि तापीकाठी राहणाऱ्या आपणां सर्वांना त्यांच्या विद्येचे विशेष प्रयोजन आहे.

ह्या लोकांना जगभर 'हॅम' म्हणतात. मराठीत त्यांच्या छंदाला हौशी नभोवाणी हे नाव आहे. जत्रेला हौशे, नवशे आणि गवशे असे तीन प्रकारचे लोक येतात असे आपण म्हणतो, आणि त्यांतल्या हौशाला थोडे हलकेच लेखतो. हा हौशी मात्र परीक्षा देऊन केंद्र सरकारचा परवाना मिळवतो, त्याला स्वतःचे आद्याक्षरी बोधचिन्ह मिळते आणि ठरावीक लहरींवर तो जगातल्या अशाच दुसऱ्या परवानाधारकाशी बोलू शकतो. त्या बोलण्याचे पैसे घ्यायचे नाहीत, त्यातून व्यापार करायचा नाही, ही ह्या छंदाची पहिली मर्यादा होय.

सुरतेच्या वाचकांना ह्या विषयाशी आपला संबंध काय असे वाटेल, म्हणून थोडा इतिहास सांगतो. सुरतजवळच्या सरस गावी १९२० साली जन्मलेल्या उषा मेहता १९४२ मध्ये बावीस वर्षांच्या होत्या. दुसरे महायुद्ध सुरू होताच १९३९ मध्ये इंग्रज सरकारने हौशींचे परवाने रद्द करून त्यांची प्रक्षेपणयंत्रे जमा करण्याचे हुकूम काढले होते. 'चले जाव'चा ठराव होऊन नेते तुरुंगात गेले, वृत्तपत्रांवर बंधने आली, तेव्हा उषाबेन आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी काही आठवड्यांतच मुंबईत गुप्त 'काँग्रेस रेडिओ' चालू केला. त्याचे यंत्र ज्यांच्या हातून उभे राहिले ते नरिमन प्रिंटर हे अशा हौशींपैकीच एक होते. पोलिसांची गाडी लहरींचा माग काढीत फिरे, म्हणून केंद्राला एका जागी राहणे शक्य नव्हते. आज ह्या इमारतीत, चार दिवसांनी दुसऱ्या, असा त्याचा संसार पाठीवर होता. अखेर १२ नोव्हेंबर १९४२ रोजी गिरगावात धाड पडली आणि उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. पुढे १९९८ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले.

ह्या केंद्राची लहर होती ४२.३४ मीटरांची. ह्या आकड्याकडे आम्ही वाचकांचे मुद्दाम लक्ष वेधतो, कारण आपल्या आजच्या विषयाचे सारे गणित त्यात आहे. लहरीची लांबी म्हणजे एका लाटेच्या माथ्यापासून पुढच्या लाटेच्या माथ्यापर्यंतचे अंतर. ३०० ह्या संख्येला मेगाहर्ट्झच्या आकड्याने भागले की लांबी मीटरांत निघते. उलट ३०० ला ४२.३४ ने भागले की सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ येतात. आज भारतातील हौशींना ७ ते ७.२ मेगाहर्ट्झ हा पट्टा मोकळा आहे, म्हणजे उषाबेनचा आवाज ज्या जागी उमटला ती जागा आज आपल्या परवानाधारक मुलामुलींसाठी कायद्याने खुली आहे.

आता तारेकडे वळू. तंबोऱ्याची तार ठरावीक लांबीला ठरावीक सुरात बोलते, तद्वत एरियलची तारही आपल्या लांबीच्या दुप्पट लहरीला सहज दाद देते. म्हणून अर्ध्या लहरीइतकी तार घ्यायची, तिचे बरोबर मधोमध दोन तुकडे करायचे आणि त्या दोन टोकांना यंत्राकडून आलेल्या केबलीचे दोन पदर जोडायचे. ह्याला डायपोल म्हणतात. तारेच्या टोकांशी हवेचा थोडा परिणाम होत असल्यामुळे प्रत्यक्षात सुमारे पाच टक्के कमी लांबी पुरते. तेव्हा १५० ऐवजी १४२.५ ला मेगाहर्ट्झने भागावे. ७.१ मेगाहर्ट्झला उत्तर येते सुमारे २० मीटर, म्हणजे प्रत्येक बाजूस १० मीटर.

साहित्य काय लागते? घरातील वायरिंगची दीड चौरस मिलिमीटरची वेष्टित तार, प्लास्टिकच्या पाण्याच्या नळाचे तीन छोटे तुकडे, नायलॉनची दोरी, चार-पाच मीटरचा बांबू आणि ५० ओहमची केबल. सुरत हे जरीचे शहर. धातूची तार पाशातून ओढून केसाएवढी बारीक करण्याची विद्या येथे पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्या मानाने आपली तार फारच ओबडधोबड, आणि तिला बारकाईही नको. नळाच्या एका तुकड्याला भोके पाडून त्यात मधला सांधा बांधावा, म्हणजे ओढ तारेच्या गाठीवर पडते, डाख दिलेल्या सांध्यावर नाही. उरलेले दोन तुकडे दोन टोकांना विरोधक म्हणून लावावेत. जुन्या चिनी मातीच्या गोट्यांचे काम ते चोख करतात. सांध्यापाशी केबलीचेच आठ-दहा वेढे वीतभर व्यासाचे करून बांधले की केबलीच्या बाहेरून परत येणारा प्रवाह बऱ्याच अंशी अडतो. पाऊस केबलीत शिरू नये म्हणून सांध्यावर रबरी पट्टी घट्ट गुंडाळावी.

कापण्याचा नियम मात्र शिंप्याचा आहे. कापड आधी वाढते ठेवावे, मग बेतावे. प्रत्येक बाजू साडेदहा मीटर कापावी, टांगावी, आणि मापकावर पाहावे. मापक हे सांगतो की दिलेल्या शक्तीपैकी किती परत फिरली. गुणोत्तर १ ला १ आले तर काहीच परतले नाही. २ ला १ आले तर सुमारे ११ टक्के, आणि ३ ला १ आले तर २५ टक्के शक्ती परतते. २ च्या आत आले की बहुतेक यंत्रे सुखाने चालतात. प्रथम तार लांब असल्यामुळे तिचा सूर खालचा लागेल. दोन्ही बाजूंनी १०-१० सेंटीमीटर कमी केले की तो सुमारे ७० किलोहर्ट्झने वर सरकतो. तोडण्याऐवजी टोक उलटे दुमडून स्वतःवरच पिळावे. पुढे गरज पडली तर ते सोडता येते. वेष्टित तारेला नुसत्या तारेपेक्षा थोडी कमी लांबी लागते, त्यामुळे गणितापेक्षा वीतभर अधिक दुमडावे लागले तर घाबरू नये. शाळेत गणिताचे उत्तर आणि मोजपट्टीचे उत्तर जुळत नाही तेव्हा विद्यार्थी गडबडतात. न जुळण्याचे कारण शोधणे हाच खरा अभ्यास, हे ह्या तारेइतके स्वस्तात क्वचितच शिकवता येते.

टांगण्याची साधी रीत अशी. गच्चीच्या मधोमध बांबू उभा करून त्याच्या टोकाशी सांधा बांधावा आणि दोन्ही बाजू उतरत्या छपरासारख्या कठड्यांकडे न्याव्यात. मधला कोन काटकोनापेक्षा लहान होऊ देऊ नये. टोके माणसाच्या हाताला लागणार नाहीत इतकी उंच असावीत, कारण बोलत असताना टोकांशी चटका बसण्याइतका दाब असतो. गुंडाळली की ही सारी एरियल भाजीच्या पिशवीत मावते आणि दोन माणसे अर्ध्या तासात ती उभी करतात.

येथे कुणी म्हणेल की चार-पाच मीटर उंचीच्या तारेने काय होणार? एरियल जितकी उंच तितकी चांगली हे आपण ऐकत आलो आहोत, आणि लांबच्या देशांशी बोलायचे तर ते खरेही आहे. उंच तार आपली शक्ती क्षितिजाकडे सपाट फेकते. ती लहर आकाशातील विद्युत्भारित थरावर आपटून पार दूर जाऊन उतरते आणि मधला टापू कोरडा राहतो. दिल्लीचा माणूस ऐकतो, पण नवसारीच्या माणसाला पत्ता नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. उलट, बुटकी तार आपली बहुतेक शक्ती सरळ वर पाठवते. सुमारे अडीचशे-तीनशे किलोमीटर उंचीवरच्या त्या थरावरून ती कारंज्याच्या पाण्यासारखी आपल्याच भोवती परत पडते, आणि शेकडो किलोमीटरच्या वर्तुळात डोंगर, खिंडी, इमारती कशाचीच आडकाठी तिला होत नाही. दिवसा ७ मेगाहर्ट्झ ह्या कामाला बहुधा योग्य. रात्री तो थर विरळ झाला की ही लहर वरच निसटू लागते आणि मग ३.५ मेगाहर्ट्झवर उतरावे लागते, ज्याला दुप्पट, म्हणजे ४० मीटर तार लागते.

आता नकाशा उघडा. सुरतेहून सरळ रेषेत सुमारे ३०० किलोमीटरच्या आत नंदुरबार, धुळे, जळगाव, नाशिक, मुंबई, बडोदे, अहमदाबाद, गांधीनगर ही सारी येतात. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा ह्या भागांतील आपल्या मराठी घरांपैकी किती घरांची मुळे खानदेशात आहेत हे वाचकांना आम्ही सांगायला नको. म्हणजे आपल्या माणसांना आणि आपल्या राजधानीला गाठणारी तार नेमकी ती आहे, जिला ना मनोरा लागतो ना पैसा. बुटकेपणा हा येथे तिचा दोष नसून गुण आहे.

हे सारे आम्ही इतक्या आग्रहाने का लिहितो? ऑगस्ट २००६ मुळे. उकाई धरण १९७२ मध्ये पुरे झाले, त्यामुळे १९६८ सारखे पूर आता इतिहासजमा झाले अशी अनेकांची समजूत होती. ७ ऑगस्ट २००६ पासून धरणातून सुमारे ९ लाख क्युसेकपर्यंत पाणी सोडावे लागले आणि शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. वीज गेली, तिच्यामागोमाग दूरध्वनी गेले, मोबाइलचे मनोरे मुके झाले. तेव्हा आम्ही साधे शिक्षक होतो. पुरात सरकारी शाळेची इमारत हाच गोरगरिबांचा निवारा असतो, आणि आमच्या वरच्या मजल्यावरच्या वर्गांतून बाकांवर मुले निजवून कुटुंबे बसली होती. त्यांतील एका बाईंचे तिसऱ्या दिवशी एकच मागणे होते. नंदुरबारला भावाला कळवा की आम्ही पाचही जण जिवंत आहोत. अन्नाची पाकिटे आली, पाणी आले, पण पाच-सहा शब्दांच्या त्या निरोपाला शहराबाहेर जायला वाट नव्हती. नंदुरबारचा तो भाऊ त्या तीन दिवसांत काय काय मनात आणून बसला असेल ह्याची कल्पना ज्याची त्याने करावी. आपल्यापैकी कितीतरी घरांनी ते दिवस दोन्ही टोकांनी भोगले आहेत.

अशा प्रसंगी हौशींनी काय केले ह्याचे दाखले आपल्या देशात कमी नाहीत. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर कच्छमध्ये हौशींनी केंद्रे उभारून निरोप पोहोचवले. २००४ च्या डिसेंबरात भारती प्रसाद ह्या आपल्या सहकाऱ्यांसह पोर्ट ब्लेअरला होत्या. अंदमानातून पुष्कळ वर्षांनी हौशी प्रक्षेपणाची परवानगी मिळाली होती आणि जगभरच्या हौशींशी संपर्क करण्याचा त्यांचा कार्यक्रम चालू होता. २६ डिसेंबरला भूकंप आणि त्सुनामी झाली, बाहेरचे संपर्क तुटले. त्यांची यंत्रे आणि एरियली मात्र तयारच होत्या. त्याच दिवसापासून बेटांवरील लोकांचे क्षेमकुशल मुख्य भूमीवरच्या नातेवाइकांना कळू लागले, आणि पुढे कार निकोबारलाही हौशींनी केंद्र नेले.

ह्या घटनेत आम्हांला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे की एरियल संकटाच्या आधी टांगलेली होती. केवळ हौस म्हणून. पूर आल्यावर तार कापायला बसणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. बाजार बंद असतो, मापकाची बॅटरी उतरलेली असते आणि पलीकडे ऐकणारा कोण, कोणत्या वेळी, कोणत्या लहरीवर, हेच ठाऊक नसते. तहान लागल्यावर विहीर खणण्याचाच तो प्रकार. शिवाय जवळचा टापू कसा ऐकू येतो, दुपारी कोणती लहर आणि रात्री कोणती, हे ज्ञान पुस्तकातून येत नाही. दर रविवारी अर्धा तास नंदुरबार-जळगावच्या कुणा हौशाला हाक मारीत राहिल्यानेच ते येते. हौसेला मोल नाही म्हणतात. तिचे मोल कळते ते अशा दिवशी.

शहरातल्या शहरात बोलायला मात्र दुसरी, याहूनही सोपी एरियल आहे. हातात मावणारी १४५ मेगाहर्ट्झची यंत्रे सरळ रेषेत बोलतात आणि त्यांच्याबरोबर येणारी रबरी शेपटी अगदीच दुबळी असते. तिच्या जागी ४९ सेंटीमीटरची पितळी सळई उभी लावावी आणि तिच्या पायथ्याशी सुमारे तेवढ्याच चार सळया छत्रीच्या काड्यांप्रमाणे खाली झुकवून केबलीच्या बाहेरच्या पदराला जोडाव्यात. काठीवर चढवून गच्चीत धरली की तेच यंत्र पूर्वी जेथे नुसते खरखरत होते तेथे स्वच्छ बोलू लागते. पोलादी मोजपट्टीचे तुकडे नळावर आडवे बसवून एका दिशेला रोखणारी एरियलही मुले करतात. पट्टी वाकवली तरी सरळ होते म्हणून ती प्रवासात मोडत नाही. ह्याच लहरींच्या जोरावर जुलै २०२५ मध्ये अंतराळस्थानकातून शुभांशु शुक्ला आपल्या देशातील शाळकरी मुलांशी बोलले, हे वाचकांच्या स्मरणात असेल.

विजेसाठी बारा व्होल्टची बॅटरी पुरते. पाच वॉटच्या छोट्या यंत्राला रात्रीच्या शून्याच्या दिव्याहूनही कमी शक्ती हवेत सोडावी लागते, आणि ठाक-ठूक अशा मोर्सच्या खुणांनी तेवढ्यातही शेकडो किलोमीटर गाठता येतात.

सावधगिरीच्या चार गोष्टी सांगतो. त्या पालकांनी मुलांना वाचून दाखवाव्यात. विजेच्या तारांच्या वरून, खालून किंवा शेजारून एरियल कधीही नेऊ नये. बांबू आडवा पडला तरी तेथवर पोहोचणार नाही इतके अंतर ठेवावे. मार्कोनीने १९०१ मध्ये न्यूफाउंडलंडला पतंगाने तार वर चढवली होती. ती गोष्ट वाचून उत्तरायणात कुणी पतंगाला तार बांधू नये. सुरतेच्या गच्च्यांवर आणि गल्ल्यांत विजेच्या तारांचे जाळे आहे. मेघगर्जना ऐकू येताच केबल यंत्रापासून सोडवून घराबाहेर काढावी आणि उघड्या गच्चीवर थांबू नये. आणि परवान्यावाचून एक शब्दही प्रक्षेपित करू नये, तो गुन्हा आहे. नुसते ऐकायला मात्र आजपासून आरंभ करता येईल. लघुलहरींचा रेडिओ घ्यावा, ही तार त्याला जोडावी आणि सकाळी ७ मेगाहर्ट्झच्या आसपास कान द्यावा. हौशी बहुधा एका विशिष्ट पद्धतीने बोलतात, साध्या रेडिओवर ते बदकाच्या आवाजासारखे ऐकू येते. ते उलगडण्याची सोय असलेला रेडिओ मिळाला तर उत्तम.

आमची सूचना मोठी नाही. आपल्या मंडळांनी गणेशोत्सवाच्या वर्गणीतून एका यंत्राचा खर्च सोसावा. दरवर्षी दोन मुले व दोन मुली परीक्षेला बसवाव्यात. तार कापण्याचे काम दिवाळीच्या सुटीत मुलांनीच करावे आणि जूनच्या आत प्रत्येक वस्तीतील निदान एका शाळेच्या किंवा मंडळाच्या गच्चीवर ती टांगून, नंदुरबार किंवा जळगावच्या हौशाशी वेळ ठरवून, चालते की नाही हे पाहावे. आज मोबाइल घरोघर आहेत, मनोरेही पूर्वीपेक्षा दाट आहेत; पण मनोऱ्याच्या पायथ्याशी बॅटऱ्या असतात आणि तापीचे पाणी पायथ्यापासूनच चढते. मुलताईहून निघालेली ही नदी खानदेश ओलांडून आपल्या दारी येते. ज्या वाटेने ती येते त्याच वाटेने आपला निरोप उलट जाऊ शकेल, एवढी व्यवस्था आपण आपल्या हातांनी करू शकतो.

परीक्षेत काय विचारतात आणि आठवी-नववीच्या विद्यार्थ्याने तयारी कशी करावी, हे पुढील अंकी पाहू.